शनिवारी गाठ ओमाहाशी

एमरी हॉर्नयाकचा आवाज ऐकत टोलेडोतली एक अख्खी पिढी मोठी झाली होती. अमेरिकन फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की गॅरेजांत, न्हाव्याच्या दुकानांत, तलावावरच्या होड्यांमध्ये रेडिओ लागायचा. संघ जिंको नाहीतर सडकून मार खावो, समालोचन एमरीचंच. मागच्या वर्षी संघाने मालक बदलला, प्रशिक्षक बदलला, गणवेशाचा रंगही बदलला. पण एमरीला हात लावायची कुणाची छाती झाली नाही.

ऑगस्टमधल्या सराव सामन्यांना तसं कुणी हिशेबात धरत नाही. नावाजलेले खेळाडू दोन-चार चाली खेळतात आणि टोपी चढवून बाकावर जाऊन बसतात. उरलेला वेळ कुणाला ठाऊक नसलेली पोरं जिवाच्या आकांताने एकमेकांना धडका देत राहतात, कारण महिनाअखेरीला त्यातल्या बहुतेकांना सामान बांधून घरी जायचं असतं. समालोचकाचा मात्र या सामन्यात घाम निघतो. दोन्हीकडे नव्वद-नव्वद माणसं, त्यात काहींच्या पाठीवर एकच आकडा, आणि आडनावं तर अशी की जिभेला गाठ पडावी. एमरीला हेच आवडायचं. तो म्हणायचा, "त्या पोराचं नाव आयुष्यात एकदाच रेडिओवर येणार असेल, तर ते नीट तरी यावं."

या वर्षी त्याला त्या नावांचीच भीती वाटत होती.

सुरुवात जूनमध्ये झाली. बाजारातून परत येताना पुलाच्या अलीकडे त्याने रोजच्यासारखी गाडी वळवली आणि समोरचा रस्ता एकाएकी परका झाला. घरं होती, झाडं होती, पण ती कुठल्या गावची हे कळेना. पेट्रोल पंपावर गाडी उभी करून तो स्टिअरिंग धरून बसून राहिला. थोड्या वेळाने समोरची बेकरी ओळखीची वाटली आणि तिच्यामागोमाग सगळं गाव जागेवर आलं. घरी तो म्हणाला, "पुलावर काम चाललंय." त्याच्या बायकोने, लॉरेटाने, दूध फ्रिजमध्ये ठेवलं आणि विषय संपला.

मग जुलैत नावं सांडायला लागली. सकाळी पाठ केलेली नावं दुपारी चाळणीतल्या पाण्यासारखी निघून जायची. दर उन्हाळ्यात लॉरेटा काकड्या चिरता चिरता त्याची परीक्षा घ्यायची. यंदाही तिने विचारलं, "चल, ओमाहाचा एकेचाळीस नंबर कोण?"

"माझं झालंय पाठ."

"एवढ्यात? दरवर्षी तर शुक्रवारपर्यंत डोकं खातोस माझं."

"झालंय म्हटलं ना!" तो खेकसला. इतका, की तिची सुरी थांबली. तो उठून गॅरेजमध्ये गेला, दार लावून घेतलं आणि ओमाहाचा एकेचाळीस कोण ते आठवत उभा राहिला. आठवलं नाही.

गुरुवारी संध्याकाळी सामन्याआधीचा कार्यक्रम इलोनाच्या खाणावळीतून थेट प्रसारित व्हायचा होता. खाणावळ नदीकाठी होती. बाहेर अजून ऊन रेंगाळलं होतं, आत हंगेरियन सॉसेजचा वास, बिअरचे ग्लास आणि निळे शर्ट घातलेली दीडेकशे माणसं. एमरीच्या शेजारी कॉर्नेल पेटवे बसला होता. हा दारासारखा रुंद माणूस अकरा वर्षं टोलेडोच्या आघाडीच्या फळीत खेळला होता. दोन्ही गुडघे तिथेच ठेवून आला होता आणि गेली बारा वर्षं एमरीसोबत माइकसमोर बसत होता.

"मंडळी, शनिवारी गाठ ओमाहाशी!" एमरीने सुरुवात केली, आणि तो आवाज ऐकताच खाणावळीत आरोळी उठली. त्यालाही बरं वाटलं. आवाज शाबूत होता.

"मक्याच्या शेतातले ओमाहावाले अजून कणसालाच चेंडू समजतात!" मागून कुणीतरी ओरडलं.

"हसू नकोस बाबा," कॉर्नेल म्हणाला, "गेल्या वर्षी त्याच कणसाने आपल्याला एकवीस गुणांनी बडवलंय. त्यांची बचावफळी म्हणजे भुकेलेली कुत्री आहेत, आणि आपली डावी बाजू म्हणजे मोडकं फाटक. काय म्हाताऱ्या, बरोबर ना?"

"फाटक मोडकं आहे, पण या वेळी आत राखणदार नवा आहे," एमरी म्हणाला. लोक हसले. गाडी रुळावर होती. पहिल्या डावात कोण खेळेल, कुणाला बसवून ठेवतील, किक मारणाऱ्या दोघांत कुणाची गच्छंती, सगळं तो बोलत गेला. मग कॉर्नेलने विचारलं, "आणि चेंडू फेकणारा, आपला क्वार्टरबॅक? शनिवारी तुझी नजर कुणावर?"

"तो नवा पोरगा, डेल रस्किन. खांदा मजबूत, डोकं थंड. शिबिरात दोन आठवडे बघतोय मी त्याला. शनिवारी तो दुसरा डाव अख्खा खेळेल आणि गावाला कळेल आपल्या हाती काय लागलंय ते."

खाणावळ गप्प झाली.

कोपऱ्यात कुणीतरी चुकार हसलं आणि तेही थांबलं. एमरीने लोकांकडे पाहिलं. पुढच्या टेबलावरची एक म्हातारी तोंडावर हात ठेवून बसली होती. आपण काय बोललो? बोललो ते ठीकच तर होतं. त्याने कॉर्नेलकडे पाहिलं. कॉर्नेल आधीच माइककडे वाकला होता.

"जुन्या मित्रांची आठवण काढायची ही जागाच आहे," कॉर्नेल माइकमध्ये म्हणाला. त्याचा आवाज नेहमीपेक्षा हळू होता. "आता जाहिराती ऐका, आम्ही सॉसेज संपवून येतो."

लाल दिवा विझला. कॉर्नेलने आपल्या प्रचंड हाताने दोन्ही माइक झाकले. "काय म्हणालास ते ठाऊक आहे तुला?"

"नव्या पोराबद्दल बोललो."

"तू रस्किन म्हणालास. डेल रस्किन."

डेल रस्किन वीस वर्षांपूर्वीचा क्वार्टरबॅक. त्याच्या अंत्यविधीला शवपेटी उचलणाऱ्यांत एमरीही होता. नाव घेतल्याचं त्याला जराही आठवत नव्हतं. चूक लक्षात आली असती तर एक वेळ चाललं असतं. इथे तर चूक त्याच्याच तोंडून निघून गेली होती आणि त्याला पत्ता नव्हता. अशा आणखी किती गेल्या असतील?

"उकाडा आहे," तो म्हणाला.

"हो," कॉर्नेल म्हणाला. उरलेला कार्यक्रम त्यानेच ओढून नेला. एमरी "बरोबर" आणि "बघू या" एवढंच बोलत राहिला. एकेक शब्द तोंडाबाहेर सोडण्याआधी तो आत चाचपून बघत होता. अंधारात जिना उतरताना माणूस पायरी चाचपतो तसा.

कार्यक्रम संपला, लोक पांगायला लागले, तेव्हा एक बाई टेबलाशी आली. अंगावर शुश्रूषागृहातला कामाचा पोशाख, चेहरा प्रवासाने काळवंडलेला.

"साहेब, मी वेस्ट व्हर्जिनियाहून आलेय. मुलाला शिबिरात भेटायला. डॅरियन फुगेट. तुमच्याच संघात आहे, सत्तेचाळीस नंबर. शेवटच्या डावात उतरवतील म्हणाले."

"चांगला खेळतो," एमरी म्हणाला.

"सामन्याला थांबता येणार नाही हो मला, शनिवारी कामाची पाळी आहे. कामावर इंटरनेटवरून तुमचा रेडिओ लावीन म्हणते. मैदानात पडला-झडला तर तुम्हीच सांगणार ना, कोण पडलं ते? मला दुसऱ्या कुणाचा भरवसा नाही. शिबिरातली सगळी पोरं म्हणतात, हॉर्नयाक कधी चुकत नाही."

"सांगेन," एमरी म्हणाला. बाईने त्याचा हात दोन्ही हातांत धरून दाबला आणि ती गेली.

तो गाडीपर्यंत गेला. दार उघडलं आणि तसाच उभा राहिला. मागून कॉर्नेल लंगडत येत होता.

"कॉर्नेल."

"काय रे?"

"त्या बाईच्या मुलाचं नाव काय?"

"फुगेट. डॅरियन फुगेट."

"फुगेट," एमरी म्हणाला. "फुगेट. दार ओलांडलं आणि गेलं बघ. बाई आठवते. तिचे हातसुद्धा आठवतात. नाव तेवढं..." दाराला धरून तो सीटवर बसला. "समज, शनिवारी एखादं पोरगं पडलं. मान मोडून पडलं. आणि मी भलत्याचंच नाव घेतलं. ती बाई तिकडे ऐकत असेल."

"चल, घरी सोडतो तुला."

"मी शनिवारी बोलणार नाही."

"बरं."

"बरं काय? मला म्हण ना, की असं काही नाही, उकाड्याने झालंय!"

कॉर्नेलने गाडीच्या टपावर हात टेकले. "मला तसं म्हणता आलं असतं, तर केव्हाच म्हटलं असतं गड्या."

लॉरेटा ओट्याशीच होती. कॉर्नेलला मागे पाहून तिला आधी अपघाताची भीती वाटली आणि तिने नवऱ्याचे हातपाय निरखले. एमरीने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं: पूल, बेकरी, नावं, रस्किन. ती रडली नाही. ती चिडली. "जूनपासून? जूनपासून असा गाडी चालवतोयस तू? नातीला शेजारी बसवून पोहायला नेलंस रोज!" ती खुर्चीत बसली आणि ॲप्रनची नाडी सोडायला लागली. गाठ काही केल्या सुटेना. शेवटी कॉर्नेलने वाकून ती सोडवली.

शुक्रवारी एमरीने रेडिओ केंद्राला फोन करून तब्येतीचं कारण सांगितलं. शनिवारी त्याच्या जागी विद्यापीठाचे सामने सांगणारी एक तरुण मुलगी बसली. एमरी आणि लॉरेटा स्वयंपाकघरात ऐकत बसले. मुलगी घाबरली होती, शब्दांवरून घसरत होती, पण कॉर्नेल तिला सावरून घेत होता. ओमाहाच्या कुत्र्यांनी डावीकडचं फाटक पहिल्याच डावात मोडलं. एमरी मनातल्या मनात चाली जुळवत होता. खेळ त्याला जुन्यासारखाच दिसत होता, हिरवं मैदान, रेषा, धावणारी माणसं. फक्त माणसांना नावं नव्हती. शेवटच्या डावात लॉरेटाने एकदम त्याचा दंड धरला.

"ऐकलंस? तोच ना?"

"कोण?"

"फुगेट. त्याने आत्ता चेंडू हिसकावून घेतला! त्या बाईचा मुलगा."

"हो, हो. तोच," एमरी हसून म्हणाला. त्याने नाव ऐकलं होतं. ते कानावरून गेलं होतं, कुठल्याही नावासारखं. लॉरेटाने त्याच्याकडे पाहिलं आणि पटकन मान रेडिओकडे वळवली.

सप्टेंबरात तपासण्या झाल्या. डॉक्टर तरुण बाई होती, पण शब्द फिरवणारी नव्हती. आजार भीती होती तोच होता, स्मृतिभ्रंश, अजून सुरुवातीचा. औषधांनी वेग थोडा कमी होईल, थांबणार नाही. एमरीने विचारलं, "आधी काय जाईल?" ती म्हणाली, "ठाम सांगता येणार नाही." लॉरेटा औषधांबद्दल विचारायला आतच थांबली आणि तो एकटा बाहेर आला.

कॉर्नेल त्यांना गाडीने घेऊन आला होता. तो बाहेरच्या खोलीत टोपी गुडघ्यावर ठेवून बसला होता. एमरीला पाहून तो काही विचारणार, तोच आतून नर्स आली. हातातल्या कागदाकडे पाहत तिने हाक मारली, "मिस्टर पेटवे?"

एमरीने आधी तिच्याकडे पाहिलं, मग कॉर्नेलकडे.

"आलोच होतो, तर म्हटलं नाव नोंदवून टाकू," कॉर्नेल पुटपुटला. "अकरा वर्षं डोक्याने भिंती फोडल्यात मी. आमच्या फळीतले दोघं असेच विसरत विसरत गेले. एकाने तर शेवटी मुलीला ओळखलं नाही."

"मग ऊठ ना."

"उठतो."

तो उठला नाही. ओमाहापासून बोस्टनपर्यंत कुणासमोर न हटलेला तो माणूस खुर्चीचे हात घट्ट धरून बसला होता. नर्स दारात ताटकळली.

एमरी त्याच्या शेजारी बसला. स्वतःचेच हात थंडगार पडले होते. ते त्याने पँटला चोळले आणि मग कॉर्नेलचं कोपर धरलं.

"चल," तो म्हणाला. "दारापर्यंत मी येतो."

दोघं उठले आणि हळूहळू आत गेले.