एकतीस टक्के आणि एक झगा

हालग्रिमने चाळीस वर्षं हालिंगदालच्या खोऱ्यात बस चालवली, आणि त्या चाळीस वर्षांत आपल्याला एकदाही उशीर झाला नाही, असं तो जो भेटेल त्याला सांगे. उतारूंचं म्हणणं जरा निराळं होतं. बस वेळेवर पोचायची, हे खरं; पण आतली माणसं एकमेकांच्या मांडीवर पोचायची. तो निवृत्त झाला तेव्हा गावाने त्याला निरोपाचा केक दिला, आणि त्यावर साखरेत फक्त एक ब्रेक काढला होता.

त्या रविवारी पहाटे, बाहेर उणे सोळा असताना, तो गॅरेजमध्ये गेला आणि विजेच्या गाडीच्या पडद्यावरच्या बॅटरीच्या आकड्याकडे बघतच राहिला. सत्तेचाळीस टक्के. आदल्या संध्याकाळी वायर त्याने स्वतःच्या हाताने लावली होती. रात्रभर गाडी विजेला लागलेली, म्हणजे आकडा शंभराच्या घरात हवा होता.

मग त्याची नजर भिंतीकडे गेली. वायर आणि भिंतीतलं सॉकेट यांच्यामध्ये त्याचं जुनं वेळेचं घड्याळ टिकटिक करत बसलं होतं.

डिझेलच्या दिवसांत हिवाळ्यात इंजिन ऊब धरून राहावं म्हणून सगळं खोरं गाड्या विजेला लावायचं. पण रात्रभर कशाला वीज जाळायची? घड्याळ लावून ठेवायचं, ते पहाटे साडेचारला खट्ट करून वीज सुरू करायचं, आणि साडेसहाला गाडी तयार. तीसेक हिवाळे हालग्रिमच्या हाताने तेच केलं होतं. काल संध्याकाळीही हाताने डोक्याला न विचारता तेच केलं. विजेच्या गाडीला रात्रभराचं जेवण हवं असतं. हिला फक्त दोन तासांची न्याहारी मिळाली होती.

तेवढ्यात बोर्गिल आली. त्याची बायको, लोकरीच्या दोन स्वेटरांत गुंडाळलेली, दोन्ही हातांवर एक पांढरं खोकं आडवं धरलेलं. खोक्यात बाप्तिस्म्याचा झगा होता. हालग्रिमच्या आईने तो शिवला होता, आणि घरातलं प्रत्येक मूल त्यातूनच देवासमोर गेलं होतं. झग्याच्या काठावर सगळ्यांची नावं भरलेली; शेवटचं नाव नातीचं, मारेनचं. आज पठारापलीकडे, फ्योर्डकाठच्या, डोंगरांत शिरलेल्या खाडीवरच्या चर्चमध्ये, अकरा वाजता मारेनच्या लेकीचा बाप्तिस्मा. पाळकबाईंना एक वाजता दुसऱ्या चर्चला उपासना होती, म्हणून अकरा म्हणजे अकराच. मारेन फोनवर म्हणाली होती, "आजी, तुम्ही दोघं नाही आलात तर मी रडेन. झगा नाही आला तर आई रडेल. आणि आईचं रडणं तुला माहीत आहे."

बोर्गिलने पडद्याकडे पाहिलं. "सत्तेचाळीस? काल तर लावलं होतं ना?"

हालग्रिमने तोंड उघडलं.

"माझंच चुकलं," ती म्हणाली. "काल गायनमंडळाहून येताना मी हीटर भट्टीसारखा लावला होता. आकडा पार खाली आणला असेल मी."

हालग्रिमने तोंड मिटलं. "असेल," तो म्हणाला. आणि भिंतीवरचं घड्याळ पाठीआड जाईल असा सरकून उभा राहिला.

वाटेतल्या गावात चार्जिंगची चार टोकं होती आणि त्यांच्यासमोर सात गाड्या, सगळ्यांच्या टपांवर स्की. सुट्टीचा आठवडा. वादळात पठार फक्त बर्फ सारणाऱ्या नांगरगाडीमागून, ताफ्यानेच ओलांडू देत; रांगेत उभं राहावं तर आठचा ताफा चुकणार, आणि पुढचा ताफा अकराला.

"पुढेही मीच चालवतो," हालग्रिम म्हणाला. "जरा दाबून गेलो की—"

"दाबून गेलास की पठाराच्या मध्यावर बसू, झगा मांडीवर घेऊन," बोर्गिल म्हणाली. "तू तिकडे बस. खोकं धर. आणि हीटरला हात लावू नकोस."

"उणे सोळा आहे, बोर्गिल!"

"म्हणून तर. बुडाखाली सीटची ऊब लावली आहे तुझ्या. वरच्या भागाला लोकर आहे. पूर्वी माणसं घोडागाडीतून हे पठार ओलांडायची."

"पूर्वी माणसं मरायचीसुद्धा."

तिने पाय असा अलगद टेकवला की गाडी सुटली की नाही ते हालग्रिमला झाडं मागे सरकू लागली तेव्हा कळलं.

पठाराच्या फाटकापाशी बर्फाच्या नांगराची गाडी उभी होती, दिवे फिरवत. वारा इतका की खांबावरचा फलक आडवा झालेला. ताफा नेणारा स्वेनुंग प्रत्येक गाडीच्या काचेवर टकटक करत येत होता. त्याचं नि हालग्रिमचं जुनं सख्य. हालग्रिमने बसमधून त्याला शाळेत नेलं होतं, आणि त्या प्रवासांचं एक टेंगूळ स्वेनुंगच्या कपाळावर अजून होतं.

"उबदार कपडे?" स्वेनुंगने विचारलं. "फावडं? आणि टक्के किती?"

"एकतीस," हालग्रिम पुटपुटला.

"एकतीस!" स्वेनुंग आत वाकला. "अरे, आमच्याकडे लोक इतक्या टक्क्यांवर दुकानात जायला घाबरतात. मध्येच बॅटरी संपेल, ही पल्ल्याची धास्ती नाही का तुला?"

"ते शहरातल्या लोकांचं दुखणं आहे."

"चालवतंय कोण?"

"मी," बोर्गिल म्हणाली.

स्वेनुंगने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि फाटकाकडे हात केला. "मग जा. हा चालवत असता तर इथूनच परत पाठवलं असतं. माझ्या मागे तिसरा नंबर घे, माझ्या चाकोरीत राहा. पुढच्याचे दिवे दिसेनासे झाले तर थांब."

ताफा निघाला. नांगर पुढे, मागे मुंग्यांच्या रांगेसारख्या गाड्या. ताशी पस्तीस. जन्मभर हालग्रिमने ताफ्याला शिव्या दिल्या होत्या. आज ही गोगलगायीची चाल त्याला देवाची देणगी वाटत होती, पण हे कबूल करायला ओठ गोठले होते.

"काच धुरकट होतेय," बोर्गिल म्हणाली.

"हीटर लाव मग."

"नको. तू गप्प बस. तुझ्या बोलण्याने होतेय."

हालग्रिमने आतून काच खरवडायला घेतली. "मग माझ्या श्वासाचंही काहीतरी कर."

"नाकाने घे. हळू घे."

आणि ती गुणगुणू लागली, चर्चमधलं एक संथ गीत, ज्यात एका शब्दावर चार-चार ठोके थांबायचं असतं. हालग्रिमच्या हळूहळू ध्यानात आलं की तिचा पाय गाण्याबरोबर चालला होता. चढ आला की सूर जरा लांबायचा, पण पाय हिसका द्यायचा नाही. पुढच्या गाडीचे लाल दिवे लागले की ती ब्रेककडे जातच नव्हती. पाय नुसता उचलायची, आणि गाडी स्वतःच आवरती व्हायची, वर पडद्यावर एक हिरवी रेघ उमटवून.

"ब्रेक कुठे गेला?" त्याने विचारलं.

"आहे की. तुझ्यासारखाच. गरज नसताना पुढे पुढे करत नाही, एवढाच फरक."

आकडा मात्र उतरत होता. वारा समोरून येत होता. सव्वीस. एकवीस. सोळा. पठाराच्या माथ्यावर, जिथे आभाळ आणि बर्फ यांत रेघ उरली नव्हती, ताफा अर्धा तास उभा राहिला, कारण पुढे एक ट्रेलर आडवा झाला होता. शेजारच्या डिझेलवाल्याच्या गाडीतून धूर निघत होता आणि आतली माणसं उघड्या अंगाने असावीत अशी लालबुंद दिसत होती. बोर्गिलने गाडीतलं दिव्याखेरीज सगळं बंद केलं. बुडाखालची ऊबसुद्धा. मग तिने हात जोडून डोळे मिटले.

"मी मागितलं, देवाने आपल्याला वेळेत न्यावं," ती डोळे उघडून म्हणाली. "आणि कालच्या हीटरबद्दल सकाळीच माफी मागून झाली आहे. पण पुन्हा मागितली. इतकी ऊब उगाच उधळायला नको होती मी."

ट्रेलर हलला. ताफा सरकला. पडद्यावर नऊ आले.

हालग्रिमच्या मांडीवरचं खोकं एकाएकी फार जड झालं.

"बोर्गिल."

"बोलू नकोस, काच."

"हीटर नव्हता. घड्याळ होतं." त्याने एका दमात सांगून टाकलं. भिंत, वायर, साडेचार, खट्ट. "माझ्या हाताने लावलं. सकाळीच कळलं होतं मला. मी बोललो नाही."

गाणं थांबलं होतं.

"म्हणजे," ती म्हणाली, "दोनदा माफी मागून बसले मी, आणि देव विचार करत असेल, ही बाई कशाबद्दल बोलतेय?"

"हं."

"तर त्या दोन्ही तुझ्या नावावर करून घे. मला पुन्हा मागायची नाही." आणि तिच्या गालाचा कोपरा हलला. "साडेचार! अरे, बावळटा, विजेची गाडी आहे ही, सकाळची बस नाही."

मग उतार लागला. नांगर बाजूला झाला, ताफा सुटला, आणि रस्ता वळणं घेत, बोगद्यांतून फिरत खाली समुद्राकडे निघाला. हालग्रिमने अशा उतारांवर उभ्या आयुष्यात ब्रेकचे किती तवे लाल केले होते, त्याला मोजदाद नव्हती. बोर्गिलने पाय उचलला आणि नुसता उचलूनच ठेवला. गाडी घरंगळत होती, आणि घरंगळतानाच बॅटरीत परत काहीतरी ओतत होती. नऊचे दहा झाले. बोगद्यातून बाहेर आले तेव्हा अकरा. बारा.

"वर जाताना गेलेलं खाली येताना परत मिळतं?" हालग्रिम वाकून आकडा बघत होता, उतू जाणाऱ्या दुधाकडे बघावं तसा.

"सगळं नाही. थोडं. पण ब्रेक मारलास तर तेवढंही धूर होऊन जातं."

तळाला पोचले तेव्हा चौदा टक्के होते, घड्याळात दहा पंचवीस, आणि चर्च तीस किलोमीटरवर. चार्जिंगचं ठिकाण डाव्या हाताला लागलं. दोघांनी एकाच वेळी तिकडे पाहिलं, एकाच वेळी मान हलवली. थांबायला वेळ नव्हता. आणि पळायला वीज नव्हती.

"पंचावन्न," बोर्गिल म्हणाली. "ताशी पंचावन्नने गेलं तर पुरेल. ऐंशीने गेलं तर शेवटचे पाच किलोमीटर चालत."

फ्योर्डकाठचा रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती. ऐंशीच्या रस्त्यावर पंचावन्न. आरशात दिवे जमू लागले. एक गाडी, मग तीन, मग हालग्रिमला मोजवेनात. सगळी ताफ्यातलीच मंडळी, दोन तास नांगरामागे रखडून आता मोकळी सुटू पाहणारी. जन्मभर ज्या म्हाताऱ्यांच्या मागे अडकून त्याने बसचा भोंगा वाजवला, त्यांच्यापैकीच एक होऊन तो खिडकीत बसला होता, मांडीवर खोकं.

"बाजूला घे. जाऊ दे त्यांना."

"थांबलं की पुन्हा सुटावं लागतं," बोर्गिल म्हणाली, "आणि सुटण्यालाच सगळ्यात जास्त लागतं. जागाही नाही. नाकाने श्वास घे."

सात टक्के. पाच. मागच्या गाडीने दिवे मिचकावले. हालग्रिम सीटमध्ये खाली खाली सरकत गेला, इतका की मागच्याला बोर्गिल एकटीच जात असल्यासारखं दिसावं. मग त्याला एकदम स्वतःची लाज वाटली, आणि तो ताठ बसला.

चर्चचा मनोरा दिसला तेव्हा अकराला तीन कमी होते. अंगणात गाडी थांबली तेव्हा अकरा वाजून एक मिनिट, आणि टक्के तीन. मारेन दारातच उभी होती, बाळ शालीत, बाळाचे पाय उघडे आणि रागावलेले. तिने खोकं घेतलं आणि काही न बोलता आत पळाली.

मागोमाग रांग अंगणात शिरली. सगळ्यात पुढची, दिवे मिचकावणारी गाडी तोरकेलची निघाली. बाळाच्या बापाचा काका, आणि आज बाप्तिस्म्यात बाळाची जबाबदारी घेणारा धर्मपिता. त्याच्या मागे गायक, त्याच्या मागे पाहुणे. दारात पाळकबाई हसू दाबत उभ्या होत्या. धर्मपिता नाही, गायक नाही, तर बाप्तिस्मा कुणासमोर सुरू करणार होत्या त्या?

तोरकेल दार आपटून उतरला. "ती शवगाडी कोण हाकत होतं? तीस किलोमीटर! तीस! माझ्या गाडीत माझी आई तीनदा झोपून तीनदा उठली!"

बोर्गिल हातमोजे काढत होती. तिने तोंड उघडलं.

"मी," हालग्रिम म्हणाला.

सगळं अंगण त्याच्याकडे वळलं. खोऱ्यातल्या कितीतरी जणांनी त्याच्या बसमध्ये डोकं आपटलं होतं.

"तू?" तोरकेल म्हणाला. "हालग्रिम? पंचावन्नने?"

"पंचावन्नने."

"बरं आहे ना तुला? डॉक्टरला दाखवलंस?"

"वय होतं माणसाचं," हालग्रिम म्हणाला. उद्या दुपारपर्यंत ही गोष्ट सगळ्या खोऱ्यात पोचणार, आणि त्याच्या बससारखीच नक्की वेळेवर पोचणार, हे त्याला ठाऊक होतं.

बोर्गिलने त्याच्याकडे पाहिलं. मग तिने हातमोजे त्याच्या खिशात कोंबले आणि त्याचा दंड धरला. आत झग्यात हात घालताच बाळाने आक्रोश सुरू केला होता, मोठा, निरोगी, छतापर्यंत जाणारा, आणि पाळकबाई पुस्तक उघडत होत्या.