हिरव्या माशीची किळस

मी एक म्हातारी हिरवी माशी आहे. ‘शी!’ म्हणालात ना? म्हणा, मित्रांनो, मला सवय आहे. पण किळस मलाही येते, आणि ती तुमचीच येते.

माझा जन्म कचराकुंडीत झाला. अळी होते तोवर खाण्यापलीकडे काही ठाऊक नव्हते. मग पंख फुटले आणि डोळ्यांच्या मध्ये दोन आखूड शृंगिका आल्या. तेच माझे नाक. कुजताना निघणारा वायू त्यांवरच्या बारीक केसांना लागला, की कुठे काय सडते आहे ते मला रस्त्यापलीकडूनही कळते.

असाच माग काढत मी एका शिवणकामाच्या दुकानात शिरले. दर्शनी भागात कापडी पुतळा होता आणि त्याच्या पोटातल्या कापसात उंदीर मरून पडला होता. पुतळ्याच्या अंगावर मालकीणबाईंनी स्वतः शिवलेला झगा होता. त्यावर त्या रोज अत्तर फवारत. नुसता उंदीर मला गोड लागतो. पण उंदरावर गुलाब! मला ओकारी यायची.

पुतळ्याशेजारी इस्त्रीवाले काका उभे असत.

“काका, आंघोळ करून येत जा हो. गिऱ्हाइकं नाकाला रुमाल लावतात,” मालकीणबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या.

“दोनदा करतो, बाई.”

“मग हा वास कसला? शनिवारपर्यंत गेला नाही, तर दुसरीकडे काम बघा.”

काकांनी सदरे उकळून धुतले. तरी वास तसाच. शेवटी ते स्वतःचीच बाही हुंगू लागले. “मलाच येत असेल,” असे पुटपुटले. खरे तर त्यांच्या अंगाला साबणाखेरीज कसलाच वास नव्हता. मला त्या दुकानाची शिसारी आली.

शनिवारी मी पुतळ्याच्या पोटावर ठाण मांडले. परोपकारासाठी नव्हे, मला अंडी घालायची होती.

“मेली झग्यावर बसते!” म्हणत मालकीणबाईंनी लाकडी पट्टी हाणली. माझी एक शृंगिका मोडली. पुतळा कोसळला, पोटाची शिवण उसवली आणि उंदीर त्यांच्या चपलेवर पडला.

“अगंबाई! काका, झालं गेलं विसरा हं,” त्या म्हणाल्या, आणि उंदीर काकांनाच उचलायला लावला.

मित्रांनो, मला खुशाल हाकला. पण माणसाकडे बघून नाक मुरडण्याआधी आपल्या अत्तराखाली काय सडते आहे, ते एकदा हुंगून बघा. उंदराचा वास खिडक्या उघडताच गेला. काका मात्र इस्त्री तापेपर्यंत अजूनही आपली बाही हुंगतात.