बाटलीतला जोडारी

मित्रांनो, मी एक जुना जोडारी आहे. माझ्याजवळ पाना नाही, हातोडा नाही, तरी माझ्यासारखा सांधा कोणी जोडून दाखवावा! तुमच्या पुस्तकात मला विकर म्हणतात, प्रयोगशाळेत एन्झाइम. पांढऱ्या बारीक मण्यांवर चिकटवून, बाटलीत भरून मला वर्ध्याच्या एका कॉलेजात पाठवले.

एरंडेलापासून काढलेले आम्ल आणि अल्कोहोल यांचे कण मी एकापुढे एक सांधत जातो. त्यांची लांब साखळी होते, तेच पॉलिएस्टर. एरवी त्याला दोनशे अंशांच्या वरची भट्टी लागते. मला ऐंशी अंश पुरतात. काम झाले की गाळा, धुवा, वाळवा. मी पुन्हा हजर! अशा अकरा खेपा मी फत्ते केल्या.

माझी एक खोड मात्र आहे, लपवत नाही. प्रत्येक सांध्यामागे पाण्याचा एक कण सुटतो. ते पाणी पंपाने ओढून काढले नाही, तर जोडलेलेच मी तोडू लागतो.

यंदा मे महिन्यात बोरगाव मेघे गावच्या रुचिका या विद्यार्थिनीने मला हाती घेतले. सोमवारी तिला सरांपुढे पॉलिएस्टरचा धागा ओढून दाखवायचा होता. त्यासाठी तिने दोनदा प्रयोग केला, पण दोन्ही वेळा भांड्यात नुसता चिकट रस उरला. शुक्रवारी तिने माझ्या बाटलीवर चिठ्ठी लावली, ‘फेकणे’. मला फार लागले.

“हा म्हातारा झाला, काका. फेकाच लागते याले,” ती प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या डोमाजींना म्हणाली.

डोमाजींनी शेजारी घोंघावणाऱ्या कूलरकडे पाहिले. “त्याले काऊन नावं ठेवून राह्यली, पोरी? कूलरसमोर मीठ उघडं ठेव, घडीभरात पाणी सुटते. अन् तुह्या भांड्याचं बूच पाह्य कसं सैल हाये!”

खरेच होते. पंप माझे पाणी ओढत होता आणि सैल बुचातून कूलरची ओली हवा आत शिरत होती. रुचिकाने कूलर बंद केला, बूच घट्ट बसवले, मला धुऊन वाळवले. वर्ध्याच्या त्या उन्हाळ्यात ती दोन दिवस घामाने निथळत माझ्यापाशी बसली.

सोमवारी तिने भांड्यात काचेची कांडी बुडवून वर उचलली. धागा निघाला. हातभर झाला, दोन हात झाला, तरी तुटेना! सर खुर्चीवरून उठून बघायला आले. माझा आनंद त्या भांड्यात मावेना.

मित्रांनो, जुना कामगार चुकू लागला तर त्याला टाकण्याआधी ओल कुठून येते ते बघा. रुचिकाने बघितले. म्हणून ती चिठ्ठी खरवडून तिने तिथे लिहिले, ‘बारावी खेप. जपणे.’