रक्ताचा चष्मा

नातीला हृदय समजेना, म्हणून शिक्षिका सुनेने चार खोल्यांचं हृदय केलं, बाल्कनीचं फुप्फुस आणि आजोबांचं रक्त. आजोबा उजव्या दोन खोल्या ओलांडून बाल्कनीत हवा खाऊन आले, डावीकडच्या पहिल्या खोलीत टेकले आणि दुसरीत शिरल्यावर त्यांना आठवलं, चष्मा मागेच राहिला! वळले, तर दारात आजी कमरेवर हात ठेवून उभी.

"मी झडप आहे. रक्त मागे येत नाही."

"अगं, दोन पावलं!"

"पुढे व्हा."

आजोबा चडफडत घराबाहेर पडले. अख्ख्या इमारतीला, म्हणजे शरीराला, वळसा घालून मागच्या दाराने आत शिरले आणि बाल्कनीवरून धापा टाकत त्याच खोलीत पोचले.

"मी इथे कशाला आलो होतो बरं?"

आठवेना. पुढच्या खोलीत पाऊल टाकलं आणि आठवलं. वळले.

झडप उभीच होती.