डाव्या दिव्याची लुकलुक

मित्रांनो, मी एका जुन्या, निळ्या मोटारीचा डावा दिवा. स्वतःविषयी बोलायची मला सवय नाही. सांगण्यासारखं माझ्याकडे काही आहे का, याचीही खात्री नाही. कंटाळा आला तर खुशाल पान उलटा, मी रागावणार नाही.

कारखान्यात माझ्या पाठीला आरशासारखी चकचकीत वाटी बसवली, पुढे काच लावली आणि मध्ये बल्ब ठेवला. एकाच खोक्यातून आम्ही दोघे भाऊ निघालो. तो उजवीकडे बसला, मी डावीकडे. आमच्या मोटारीच्या घरात तिघं जण : बाबा, आई आणि त्यांची लेक. तिला सगळे ताई म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. आम्ही त्यांना धुक्यातली वळणं दाखवली. आईच्या कानातलं गवतात पडलं तेव्हा ते सापडेपर्यंत उजेड धरून उभे राहिलो. दिव्याचं कौतुक असं फारसं होत नाही. तो लागला की माणसं रस्त्याकडे पाहतात. ते बरोबरच आहे म्हणा.

बाबा भारी टापटिपीचे. घराला रंग द्यायचा तर कपाटामागची भिंतही दोनदा रंगवणार. "दिसत नाही म्हणून काय झालं?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मागच्या महिन्यात त्यांनी बोनेटखालचा गंजका पत्रा घासला, एकेक बोल्ट काढून सुरेख निळा रंग दिला आणि सगळं पुन्हा जागच्या जागी बसवलं.

तेव्हापासून मी लुकलुकू लागलो. इंजिन सुरू झालं की मी कधी लख्ख, कधी मंद. शेजारी भाऊ मात्र शांतपणे तेवत असे. मला मेल्याहून मेल्यासारखं होई. आपलंच वय झालं, असं मी मनाशी धरून बसलो.

एरवी हे खपूनही गेलं असतं. पण ताईला पोहण्याच्या तलावावर शिकवायची नोकरी लागली होती. उजाडायच्या आत तिथे पोहोचायचं. तलाव गावाबाहेर आणि तेवढ्या पहाटे बस नाही.

"डोळा मिचकावणारी गाडी मी अंधारात नेऊ देणार नाही," बाबांनी सांगून टाकलं.

"बाबा, उद्या पहिला दिवस आहे माझा!"

"म्हणूनच. नवा दिवा मागवतो. चार दिवसांनी जा."

"पहिल्याच दिवशी दांडी मारली तर चार दिवसांनी फाटकातसुद्धा घेणार नाहीत."

ताईने बाह्या सरसावल्या आणि बोनेट उघडलं. आधी तिने माझा बल्ब भावाला दिला आणि त्याचा मला. भाऊ तसाच स्थिर, मी तसाच लुकलुकता.

"म्हणजे बल्ब बिचारा निर्दोष," ताई म्हणाली.

"मग दिवाच गेलाय," बाबा म्हणाले आणि त्यांनी मला दोन चापट्या मारल्या. मी क्षणभर लख्ख पेटलो, पुन्हा मिणमिणलो.

"अहो, मारून शहाणं होणारं ते काय पोर आहे?" पायरीवर शेंगा सोलत बसलेली आई म्हणाली.

ताई माझ्या मागच्या तारा चाचपू लागली. विजेला माझ्यापर्यंत यायला एक वाट लागते आणि परत जायला दुसरी. परतीची वाट म्हणजे काळी तार. ती मोटारीच्या पत्र्याला बोल्टने जोडलेली असते. ताईने सुट्ट्या तारेचं एक टोक बॅटरीच्या उणे टोकाला लावलं आणि दुसरं माझ्या काळ्या तारेला. मी असा लख्ख पेटलो की माझाच माझ्यावर विश्वास बसेना!

"दिवा धडधाकट आहे, बाबा. परतीची वाट अडलीय."

दिवे बंद करून तिने पान्ह्याने बोल्ट काढला. तारेच्या कडीखाली गुळगुळीत निळा रंग होता. तोही दोन हात दिलेला, आणि रंगातून वीज जात नाही.

आईला हसू आवरेना. "अहो, इतका सुंदर रंग दिलात की विजेलाही दाराबाहेर उभं केलंत!"

बाबांचे कान लाल झाले. ताईने पॉलिश पेपर पुढे केला. आपलाच रंग खरवडायचा! त्यांच्या जिवावर आलं होतं. पण त्यांनी ताईकडे एकदा पाहिलं आणि तेवढी जागा अगदी नीट, गोल घासून पत्रा उघडा केला. बोल्ट घट्ट आवळला. गंज चढू नये म्हणून आईने टाचांना लावायची जेली वरून चोपडली. इंजिन सुरू झालं आणि मी जराही लुकलुकलो नाही.

मित्रांनो, एक विनंती करू का? एखादी वस्तू, किंवा एखादं माणूसही, लुकलुकू लागलं तर त्याला लगेच निकामी ठरवू नका. त्याची वाट कुठे अडली आहे, ते आधी बघा. आणि अधूनमधून काच पुसत जा.

दुसऱ्या पहाटेचं सांगायचं राहिलंच. अंधारात आम्ही तलावाच्या फाटकापाशी पोहोचलो. आत टॉवेल गुंडाळलेली मुलं कुडकुडत रांगेत उभी होती. रखवालदाराने डोळ्यांवर हात धरला आणि ओरडला, "अहो बाई, दिवे विझवा की! डोळे दिपले माझे!"

इतकं गोड मला आजवर कोणी बोललं नव्हतं.