मोजून घेतलेले होल्डर

मंगळवारी बिभीषणनं राजेंद्रकाकांकडचे कॅमेऱ्याचे आठही होल्डर गेजनं मोजले आणि एकही न घेता घरी आला. बुधवारी सकाळी सहापासून तो घरात येरझाऱ्या घालत होता.

"घेऊन टाकायचे की," डबा भरता भरता त्याची बायको अंबिका म्हणाली. ती एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने घ्यायची, आठला तिला निघावं लागे. "शुक्रवारी कारखान्यातली मशिनं उचलणारेत, तुम्हीच सांगितलं ना?"

"आठातले तीन रिजेक्ट आहेत."

"मग पाच घ्यायचे."

ती गेली आणि त्यानं उगाच गॅसची नळी तपासली.

सत्तावीस वर्षं तो चिकलठाण्याच्या एका गिअर कारखान्यात होता. आधी हॉबिंग मशीनवर गिअरचे दात कापायचा, पुढं कापलेले दात तपासायचा. दिवाळीत कारखाना बंद झाला आणि त्याचे हात ठरेनात. घरातले नळ, कड्या, बिजागऱ्या सगळं नीट करून झालं, तेव्हा त्यानं सागवानाचा एक कॅमेरा बनवायला घेतला. पूर्वी स्टुडिओत असायचा तसला, डोक्यावर काळं कापड घेऊन मागून बघायचा. भाता स्वतः शिवला, लेन्स हैदराबादहून मागवली. ज्या हिरव्या हॉबिंग मशीनपुढं आपलं तरुणपण गेलं, त्याचा एक धड फोटो असावा. मोबाइलवरचा नाय, खरा. एवढंच त्याच्या मनात होतं.

गाडी अडली होती होल्डरवर. असल्या कॅमेऱ्यात रीळ नसतं. पोस्टकार्डाएवढी फिल्म अंधारात एका चपट्या होल्डरमध्ये सरकवायची. होल्डर कॅमेऱ्याच्या पाठीत खोचायचा, वरची काळी पट्टी ओढायची, फोटो घ्यायचा, पट्टी परत घालायची. एका होल्डरच्या दोन बाजूंना दोन फोटो. बिभीषणनं सागवानाचेच चार होल्डर केले. दिसायला लई देखणे, पण चारांच्याही फटीतून आत उजेड शिरायचा. म्हणून विकतचे शोधावे लागले. त्यातही फिल्म जितकी खोल बसायला हवी तितकीच बसली पाहिजे, केसभर फरक पडला की फोटो धूसर. म्हणून तर तो काल खोली मोजायचा गेज घेऊन गेला होता. तीन बाद निघाले, आणि बाद मालाबरोबर चांगला मालसुद्धा थांबवून ठेवायची जुनी सवय आड आली.

साडेनऊला राजेंद्रकाकांचा फोन आला. ते पूर्वी कंपन्यांच्या कॅटलॉगचे फोटो काढायचे, आता चौऱ्याहत्तरीला आले होते.

"बिभीषण, होल्डर गेले बरं का. एक बाई आल्यात. नव्या हॉटेलच्या भिंतीवर लावायचेत म्हणतात. आठही."

"भिंतीवर? काका, मी निघालोच. त्यांना चहा पाजा."

"चहा झाला यार."

होल्डर मिळाले तर तिथंच बसवून बघू म्हणून कॅमेरा स्कूटरवर पायाशी, ट्रायपॉड पाठीला, फिल्मचं पाकीट डिकीत. क्रांती चौकात सिग्नल सुटला तरी पुढची बस हलेना. त्यानं दोनदा हॉर्न वाजवला, शेजारच्या रिक्षावाल्यानं "उडून जा ना मग" म्हटलं, तर त्याच्यावरही डोळे काढले. जालना रोडवर प्रत्येक सिग्नलला तो एक पाय जमिनीवर टेकवून नुसता हलत राहिला.

काकांच्या ओसरीवर होल्डर एका खोक्यात भरून झाले होते. खोक्याशेजारी तिशीची योगिनी बसली होती. हॉटेलांची सजावट करायचं तिचं काम.

"हे वापरायचं सामान आहे," बिभीषण चप्पल काढायच्या आधीच म्हणाला. "भिंतीला खिळे ठोकायचं नाय."

"सर, तुम्ही कालच आला होतात ना? दोन तास बसलात म्हणे. मग घेतले का नाहीत?"

त्यानं आता चप्पल काढली.

"तुम्ही काढलेला एखादा फोटो दाखवता?" तिनं विचारलं. तिच्या विचारण्यात टोमणा नव्हता.

"एकही नाय," तो म्हणाला. "पाच महिने झाले. नुसता कॅमेरा करतोय." आणि मग मशीनची, शुक्रवारची सगळी हकीकत त्यानं उभ्या उभ्याच सांगितली.

काका मान हलवत म्हणाले, "पण मी ह्यांना जबान दिली. मला मध्ये घेऊ नका. तुम्ही दोघं बघा."

बिभीषणनं मोबाइल काढला. आपण किती खटपट केली ते तरी हिला कळू दे, म्हणून स्वतःच्या चार होल्डरांचे फोटो तिच्यापुढं धरले. योगिनीनं मोबाइल हातात घेतला, फोटो मोठा करून बघितला.

"हे कुणी केलेत?"

"मीच. बाद आहेत."

"बाद म्हणजे?"

"आत उजेड जातो."

"माझ्या भिंतीला उजेड चालतो," ती म्हणाली. "हे त्या प्लास्टिकच्या होल्डरांपेक्षा कितीतरी छान आहेत. हे द्याल?"

बाद माल कुणी मागून नेतं, हे त्याच्या नोकरीत कधी घडलं नव्हतं. त्याचे चार आणि काकांकडचे बाद झालेले तीन, असे सात झाले. तिला आठ हवे होते. आठवा रविवारपर्यंत करून द्यायचं ठरलं. योगिनी तीन घेऊन गेली, पाच ओसरीवर राहिले.

काकांनी न्हाणीघराच्या खिडकीला घोंगडी लावली, दाराच्या फटीत टॉवेल कोंबला आणि अंधारात त्याचा हात धरून फिल्म भरायला शिकवलं. दोन होल्डर भरून झाले तोच खिशात फोन थरथरला. कारखान्याचा वॉचमन कडुबा होता.

"दादा, क्रेन आजच आली. तुमचं हिरवं मशीन गाडीवर चढवलं बी. या लवकर."

"शुक्रवारी म्हणाले होते ना!"

"म्हनले व्हते. आता आले."

तो पोहोचला तेव्हा ट्रेलर शेडमध्येच उभा होता. साखळदंडानं बांधलेलं मशीन त्याला लहान वाटलं. जमिनीवरच्या चौथऱ्यातून चार बोल्ट वर आले होते. क्रेनवाल्यांच्या मुकादमानं कॅमेऱ्याकडं बघितलं, हसला आणि दहा मिनिटं दिली.

बिभीषणनं ट्रायपॉड उभा करून कॅमेरा बसवला. कापडाखाली काचेवर मशीन उलटं दिसलं. त्यानं नेम धरला, होल्डर खोचला, पट्टी ओढली आणि मग ध्यानात आलं, लेन्स उघडीच आहे. पहिली फिल्म गेली. त्यानं स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला.

"दादा, सावकाश," कडुबा म्हणाला.

दुसरा फोटो समोरून झाला. तिसरा बाजूनं. शेडमध्ये उजेड कमी, म्हणून एकेक फोटोला पुरता सेकंदभर लागत होता. चौथी फिल्म उरली तेव्हा कडुबानं त्याला बाजूला सारलं. "तुमी उभं ऱ्हावा मशीनजवळ. मी दाबतो. कुठं दाबायचं तेवढं दावा."

बिभीषण ट्रेलरवर चढला, मशीनच्या हँडलशी जाऊन उभा राहिला. कडुबानं बटण दाबलं. मग ट्रेलर गेला. फाटकाबाहेर वळेपर्यंत दोघं बघत राहिले, आणि कडुबानं कुलूप लावलं.

गुरुवारी काकांनी फिल्म धुतल्या. तिसरीत साखळी मध्ये आली होती, दुसरी बरी होती. चौथी त्यांनी खिडकीपाशी धरली.

"मशीन बघ. बोल्टचे आटेसुद्धा मोजता येतील. होल्डर अचूक आहे तुझा."

"आणि मी?"

"तू हललास."

निगेटिव्हमध्ये चेहऱ्याच्या जागी नुसता एक काळपट डाग होता. प्रिंट काढून तो घरी घेऊन गेला. अंबिकानं कामावरची पर्स खांद्याला तशीच ठेवून बराच वेळ ती बघितली.

"हे तुम्हीच," ती म्हणाली.

"तोंड कुठं दिसतंय?"

"उभं राहणं कळतं की. दुकानात रांगेत असंच उभं राहता." मग ती प्रिंट तिनं आरशाच्या चौकटीत खोचली.

शुक्रवारी सकाळी साडेसातला ती न्हाणीघराचं दार ठोकत होती. "अहो, मला उशीर होतोय! आत करताय काय?"

"उघडू नको! फिल्म भरतोय."

"आता कशाचा फोटो?"

आतून पट्टी सरकल्याचा आवाज आला.

"तुझा. आज अर्धा तास उशिरा गेलीस तर चालेल का?"

बिभीषणनं अंधारात कान लावून ऐकलं. बाहेर तिनं लॅबला फोन लावला होता.