डब्यातली दोन हजार पाचशे एकवीस

मित्रांनो, मी एक जुनी संख्या आहे. दोन हजार पाचशे एकवीस. संख्येला कसलं आलंय म्हातारपण, असं तुम्ही म्हणाल. पण मला घर मिळालं ते शिवणकाम करणाऱ्या एका बाईंच्या पत्र्याच्या डब्यात, आणि तो डबा आता गंजलाय.

डब्यात शर्टाची बटणं होती, मोजून माझ्याइतकीच. पिवळट पडली म्हणून गिऱ्हाइकं नाक मुरडायची. ती खपली नाहीत, म्हणून मी टिकले.

दोन हजार पाचशे वीस ही माझी शेजारीण. मोठी मनमिळाऊ. दोनापासून दहापर्यंत कुणीही भागायला येवो, ती बाकी ठेवत नाही. मी पडले मूळ संख्या. मला एकानं भागा नाहीतर माझ्यानंच. बाकी कुणालाही मी मला पुरतं भागू देत नाही. हिचं कुणाशी जमत नाही, असंच सगळे म्हणायचे.

बाईंना दोन मुली. यंत्रापाशी लुडबुड नको, म्हणून सुट्टीच्या दुपारी त्या डबा जमिनीवर ओतायच्या. "चौकोन लावा गं," बाई म्हणायच्या. थोरली छत्तीस ओळी लावायची, प्रत्येकीत छत्तीस बटणं. धाकटी पस्तीस ओळी, प्रत्येकीत पस्तीस. डबा रिकामा. एक उरत नसे, एक कमी पडत नसे. माझा हा गुण त्या घरालाच ठाऊक होता.

"मला एक ओळ कमी का?" धाकटी कुरकुरायची.

"एक वर्ष उशिरा आलीस ना, म्हणून," आई दातानं दोरा तोडत म्हणायची.

पुढे मुली आपापल्या संसाराला लागल्या. मी माळ्यावर गेले. आईही गेली.

यंदा दोघी घर रिकामं करायला आल्या. बोलणं बेताचंच. चादरी, भांडी, सगळं काटेकोर निम्मं. शेवटी डबा निघाला.

"हेही निम्मं," थोरली म्हणाली.

माझं धाबं दणाणलं. निम्मी झाल्यावर मी उरते कुठे? दोन ढीग झाले. मधे एक बटण राहिलं.

"ठेव तुला, ताई."

"नको बाई. नंतर ऐकवशील."

"मी ऐकवते? आईच्या आजारपणात कोण किती वेळा आलं, हे कोण ऐकवत होतं?"

थोरली त्या बटणाकडे बघत बसली. मग तिनं दोन्ही ढीग एकत्र लोटले.

"लाव तुझा चौकोन."

"गुडघे दुखतात माझे."

"माझे काय नवे आहेत? लाव."

दोघी खाली बसल्या. आधी थोरलीच्या छत्तीस ओळी लागल्या. धाकटीनं सहज आपलं एक बटण ताईच्या चार बटणांमधल्या खळग्यावर ठेवलं. बसलं. शेजारी दुसरं ठेवलं. तेही बसलं. मग ती थांबेना. छत्तीस ओळींच्या खळग्यांत तिच्या पस्तीस ओळी नेमक्या मावल्या. शेवटच्या खळग्यासाठी थोरलीनं तिच्या हातात उरलेलं एकच बटण ठेवलं.

"आईला हे माहीत असेल का गं?"

"विचारायचं राहूनच गेलं."

डबा सध्या धाकटीकडे आहे. थोरली गुडघ्यांना नावं ठेवत अधूनमधून येते, आणि चौकोन लागतात.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं. असा डबा दिसला तर खुशाल हात घाला, बटणं खुळखुळवा, पण एकही हरवू नका. एक बटण कपाटाखाली गेलं, की माझ्या जागी शेजारीण राहायला येईल. ती चांगलीच आहे बिचारी. पण ती लगेच निम्मी होते.